विश्वाच्या मोजपट्टीवर माणूस

माणूस किती प्रगत आहे, या प्रश्नाचे उत्तर आपण नेहमी मागे वळून देतो. बैलगाडीपासून अवकाशयानापर्यंत, देवीच्या साथीपासून लशीपर्यंत असा हिशेब मांडला की उत्तर समाधानकारक येते. पण ही तुलना माणसाची माणसाशीच झाली. दुसरी एखादी बुद्धिमान जात समोर असती, तर आपण नेमके कुठे उभे आहोत हे कळले असते. ती जात अजून सापडलेली नाही. बुद्धिमान सोडा, पृथ्वीबाहेर साधा जिवाणू असल्याचाही निर्विवाद पुरावा आज कोणाकडे नाही.

तरीही हा शोध रिकाम्या हाताने परतलेला नाही. परक्या बुद्धीचा माग काढताना शास्त्रज्ञांना आपल्याच जातीची मोजदाद करावी लागली. आपण ऊर्जा किती वापरतो? किती दूर जाऊ शकतो? किती क्षीण आवाज ऐकू शकतो? आणि जे ऐकण्याची आस आहे तेच ऐकू आल्यासारखे वाटले, तर त्याची उलटतपासणी करण्याचा धीर आपल्यात आहे का? पहिल्या दोन कसोट्यांवर माणूस अजून नवशिका आहे, तिसरीवर त्याने चांगली मजल मारली आहे. चौथी कसोटी मात्र मला सर्वात मोलाची वाटते, आणि या लेखाचा रोख तिच्याकडेच आहे.

ऊर्जेचा हिशेब

१९६४ साली निकोलाय कार्दाशेव या सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञाने संस्कृतींची प्रतवारी ऊर्जेवरून करावी, असे सुचवले. पहिल्या प्रकारची संस्कृती आपल्या ग्रहाच्या आवाक्यातली ऊर्जा वापरते, दुसऱ्या प्रकारची आपल्या ताऱ्याची आणि तिसऱ्या प्रकारची अख्ख्या दीर्घिकेची. पुढे कार्ल सेगन यांनी मधल्या पायऱ्या मोजण्याचे सूत्र दिले. त्या सूत्रात आजचा जगाचा ऊर्जावापर घातला, तर माणसाचा क्रमांक ०.७३ च्या आसपास येतो.

हा आकडा ऐकायला बरा वाटतो, पण ही मोजपट्टी दहाच्या घातांची आहे. प्रत्यक्षात आपण वापरतो ती शक्ती पहिल्या पायरीच्या पाचशेव्या हिश्शाइतकीच आहे. पृथ्वीवर सतत पडणारे ऊन आपल्या एकूण गरजेच्या आठ हजार पटींहून जास्त आहे आणि त्यातले बहुतेक आपल्या हाती लागत नाही. उलट आपल्या ऊर्जेचा सुमारे चार पंचमांश भाग अजून कोळसा, तेल आणि वायू जाळूनच येतो. त्या धुराने हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या दहा लाखांत २८० भागांवरून ४२० च्या वर नेले.

कार्दाशेव यांची मोजपट्टी इथेच अपुरी पडते. ती वापर मोजते, शहाणपण मोजत नाही. आपल्याच घराचे हवामान बिघडवून वरची पायरी चढणाऱ्या जातीला प्रगत म्हणायचे का, याचे उत्तर तिच्याकडे नाही. दूरच्या ताऱ्याभोवती प्रचंड उष्णता टाकणारी यंत्रणा दिसते का, हे शोधायला ती उपयोगी आहे. अशी शोधमोहीम अवरक्त दुर्बिणींनी झालीही आणि खात्रीलायक असे काही हाती आले नाही.

दूत किती दूर पोचला

माणसाने बनवलेली सर्वात दूरची वस्तू म्हणजे ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघालेले व्हॉयेजर-१. सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर या वेगाने ते २०१२ साली सूर्याच्या वाऱ्याचा प्रभाव ओलांडून ताऱ्यांमधल्या अवकाशात शिरले. सूर्यानंतरचा सर्वात जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. व्हॉयेजर त्या दिशेने निघाले असते, तर तिथवर पोचायला त्याला सुमारे ७५ हजार वर्षे लागली असती. आपली दीर्घिका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण एक लाख प्रकाशवर्षे पसरली आहे. प्रवासी म्हणून माणूस अजून उंबरठाही ओलांडून गेलेला नाही.

पण याच यानाची दुसरी बाजूही पाहायला हवी. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉयेजर-१ अचानक अर्थहीन आकडे पाठवू लागले. त्याच्या संगणकातली स्मृतीची एक चिप निकामी झाली होती. यान २,४०० कोटी किलोमीटरवर होते. एक आज्ञा तिथे पोचायला साडेबावीस तास आणि उत्तर यायला तेवढाच वेळ. नासाच्या अभियंत्यांनी चार दशकांपूर्वीचे दस्तऐवज चाळले. त्या चिपवरच्या प्रणालीचे तुकडे करून ते स्मृतीच्या दुसऱ्या कोपऱ्यांत बसवले आणि एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा शुद्ध बोलू लागले. ज्यांनी ते बांधले त्यांतले अनेक जण आज हयात नाहीत. एका पिढीचे काम पुढच्या पिढीने समजून घेऊन चालू ठेवणे, हीसुद्धा प्रगतीच आहे आणि ती वॅटमध्ये मोजता येत नाही.

दोन्ही व्हॉयेजरवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक ध्वनिमुद्रिका आहे. ५५ भाषांमधल्या शुभेच्छांत मराठीही आहे. संगीतात बाख आणि बीथोव्हेन यांच्या जोडीला केसरबाई केरकर यांनी गायलेली भैरवी आहे. फोंडा तालुक्यातल्या केरी गावी जन्मलेल्या, अल्लादियाखाँसाहेबांच्या तालमीत घडलेल्या केसरबाई १६ सप्टेंबर १९७७ रोजी निवर्तल्या. तेव्हा त्यांचा सूर घेऊन निघालेल्या व्हॉयेजर-१ ला जेमतेम अकरा दिवस झाले होते. ती मुद्रिका कोणाच्या हाती पडण्याची शक्यता नगण्य आहे. पण अनोळखी कोणासमोर आपली ओळख काय म्हणून ठेवायची, असा विचार माणूस जात म्हणून करू लागला, याची ती साक्ष आहे.

कान किती तिखट

जाणे अवघड असले तरी ऐकणे शक्य आहे. १९५९ साली ज्युसेप्पे कोकोनी आणि फिलिप मॉरिसन यांनी ‘नेचर’मध्ये लिहिले की, ताऱ्यांमधल्या संवादाला रेडिओलहरी सोयीच्या आहेत आणि हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर लहरींपाशी ऐकत राहावे. १९६० मध्ये फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतल्या ग्रीन बँक इथली २६ मीटरची दुर्बीण टाउ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन ताऱ्यांकडे वळवली. काही ऐकू आले नाही, पण शोधाला रीतसर सुरुवात झाली.

त्यानंतर कान किती तिखट झाले, हे पाहायला नारायणगावजवळच्या खोडदला जावे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून तिथे उभ्या राहिलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. चौदा मध्यभागी, बाकीच्या सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर, २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. तबकडी भरीव पत्र्याची नाही. पोलादाच्या बारीक तारांची जाळी दोरांसारख्या ताणलेल्या सांगाड्यावर बसवली आहे. वारा त्यातून आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका राहतो आणि खर्च आटोक्यात. मीटरभर लांबीच्या लहरींना ती जाळी आरशासारखीच वाटते. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचे स्कियापारेली हे यान मंगळावर उतरत असताना त्याचा अवघ्या काही वॅटचा संदेश कोट्यवधी किलोमीटरवरून या तबकड्यांनी टिपला. यान शेवटी मंगळावर आदळले, पण त्याचा आवाज कुठवर येत होता हे जगाला आधी खोडदहून कळले.

ही दुर्बीण परग्रहवासीयांसाठी उभारलेली नाही. तिचे काम पल्सार, दीर्घिका आणि दूरचा हायड्रोजन यांचा अभ्यास करण्याचे आहे. पण घरातला बल्ब पेटवायलाही न पुरणाऱ्या शक्तीचा संदेश दुसऱ्या ग्रहावरून टिपता येतो, तेव्हा ऐकण्याच्या कलेत माणूस कच्चा नाही, हे मान्य करावे लागते.

मग काही ऐकू का येत नाही? पहिले कारण असे की, आपण फार थोडे ऐकले आहे. दिशा, अंतर, वारंवारता, वेळ, संदेशाची तीव्रता या सगळ्यांचा मिळून जो अवाढव्य शोधप्रदेश होतो, त्याचा हिशेब जेसन राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडला. तो प्रदेश म्हणजे पृथ्वीवरचे सगळे महासागर मानले, तर आपण आजवर पोहण्याच्या लहानशा तलावाएवढे पाणी तपासले आहे. एवढ्यावरून समुद्रात मासे नाहीत, असे कोणी म्हणणार नाही.

दुसरे कारण आपल्याच इतिहासात आहे. मोहेंजोदडोची सांडपाण्याची गटारे बांधणारे, अजिंठ्याची चित्रे काढणारे लोक बुद्धीने आपल्यापेक्षा तसूभरही कमी नव्हते. पण त्या काळी कोणी पृथ्वीकडे रेडिओ दुर्बीण लावली असती, तर त्याला इथे शुकशुकाटच आढळला असता. बुद्धी आणि रेडिओ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉल्फिन हुशार आहे, ऑक्टोपस हुशार आहे, कावळाही हुशार आहे. पण पाण्याखाली विस्तव पेटत नाही, आणि विस्तवाशिवाय धातू नाही, धातूशिवाय तारायंत्र नाही.

ग्रह मिळाले, जीव कुठे?

या शोधात सर्वात मोठी भर पडली ती १९९५ नंतर. मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ यांनी ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती ग्रह शोधला आणि त्यासाठी त्यांना २०१९ चे नोबेल मिळाले. २०२५ मध्ये इतर ताऱ्यांभोवतीच्या खात्रीशीर ग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली. ग्रह ही अपूर्वाईची गोष्ट नाही, हे आता पक्के झाले आहे. चाळीस प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ या लहानशा लाल ताऱ्याभोवती पृथ्वीच्या आकाराचे सात ग्रह आहेत.

पण राहण्याजोगी जागा मिळणे आणि तिथे कोणी राहत असणे यांत मोठे अंतर आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजचे निक्कू मधुसूदन आणि त्यांच्या गटाने १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा दिसल्याचे सांगितले. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्मजीव तयार करतात. जगभर मथळे झळकले. लगेच इतर गटांनी तीच निरीक्षणे पुन्हा तपासली आणि पुरावा तोकडा असल्याचे दाखवले. हाच रेणू ६७पी या निर्जीव धूमकेतूवरही आढळल्याचे आधीच नोंदले गेले होते.

जवळची उदाहरणे जास्त आश्वासक आहेत. मंगळावरच्या जेझेरो विवरात पर्सिव्हिअरन्स गाडीला २०२४ मध्ये चेयावा फॉल्स नावाचा खडक सापडला. त्यावर बिबट्याच्या कातडीसारखे ठिपके आहेत आणि त्यांत लोहाची अशी खनिजे आहेत, जी पृथ्वीवर बऱ्याचदा सूक्ष्मजीवांच्या संगतीने तयार होतात. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. संशोधकांनी ‘जीवसृष्टीची संभाव्य खूण’ एवढेच शब्द वापरले, त्यापुढे ते गेले नाहीत. त्या खडकातून घेतलेला नमुना अजून मंगळावरच आहे. शनीच्या एन्सेलाडस या चंद्रावरून उडणाऱ्या फवाऱ्यांत कॅसिनी यानाला पाणी, सेंद्रिय रेणू, हायड्रोजन आणि फॉस्फेट मिळाले. गुरूच्या युरोपा चंद्राकडे निघालेले युरोपा क्लिपर २०३० मध्ये तिथे पोचेल. बेन्नू या लघुग्रहावरून आणलेल्या मातीत, पृथ्वीवरचे जीव वापरतात त्या २० अमिनो आम्लांपैकी १४ सापडली. थोडक्यात, जीवनाचा कच्चा माल सगळीकडे आहे. त्यातून जीव आपोआप घडतो का, हेच अजून ठरलेले नाही.

समीकरण आणि शुकशुकाट

१९६१ मध्ये ग्रीन बँकला भरलेल्या छोट्या बैठकीसाठी ड्रेक यांनी सात घटकांचा गुणाकार फळ्यावर लिहिला. तारे किती वेगाने जन्मतात, त्यांतल्या कितींना ग्रह असतात, त्यांतले राहण्याजोगे किती, जीव किती ठिकाणी उपजतो, बुद्धी किती ठिकाणी येते, संदेश पाठवण्याची क्षमता किती जणांत येते, आणि अशी संस्कृती किती काळ टिकते. पहिले दोन घटक आता बऱ्यापैकी माहीत आहेत, तिसऱ्याचा अंदाज बांधता येतो. उरलेले चार अंधारात आहेत.

त्याही आधी, १९५० मध्ये, लॉस अलामॉस इथे जेवणाच्या टेबलावर एन्रिको फर्मी यांनी विचारलेला प्रश्न आजही छळतो. मग ते सगळे आहेत कुठे? आपल्या दीर्घिकेत दहा ते चाळीस हजार कोटी तारे आहेत आणि तिचे वय पृथ्वीच्या सुमारे तिप्पट आहे. एखादी जात आपल्या दहा लाख वर्षे आधी पुढे गेली असती, तर तिच्या खुणा दिसायला हव्या होत्या.

उत्तरे अनेक दिली गेली. पीटर वॉर्ड आणि डोनल्ड ब्राउनली यांनी म्हटले की, सूक्ष्मजीव भरपूर असतील, पण गुंतागुंतीचे जीव विरळा. पृथ्वीचे वेळापत्रक त्यांच्या बाजूने बोलते. पृथ्वी ४५४ कोटी वर्षांची. जिवाणूंच्या खुणा ३५० कोटी वर्षांइतक्या जुन्या. केंद्रक असलेली पेशी यायला त्यानंतर जवळजवळ तेवढाच काळ लागला, जेवढा त्या पेशीपासून आपल्यापर्यंत यायला लागला. प्राणी साधारण साठ कोटी वर्षांचे, आपली जात तीन लाख वर्षांची आणि रेडिओ सुमारे १३० वर्षांचा. रॉबिन हॅन्सन यांचे म्हणणे असे की, या वाटेवर कुठेतरी एक मोठी गाळणी आहे. ती मागे असेल तर आपण भाग्यवान. पुढे असेल, म्हणजे तंत्रज्ञान हाती आलेल्या जाती स्वतःलाच संपवत असतील, तर आपली परीक्षा अजून व्हायची आहे. अण्वस्त्रांना अजून शतकही झालेले नाही, हे लक्षात घेतले की ही भीती निराधार वाटत नाही.

२०१८ मध्ये अँडर्स सँडबर्ग, एरिक ड्रेक्सलर आणि टोबी ऑर्ड यांनी वेगळा मार्ग धरला. प्रत्येक घटकाला एकच आकडा देण्याऐवजी त्यांनी आपल्या अज्ञानाची पूर्ण व्याप्ती हिशेबात धरली. निष्कर्ष असा निघाला की, या दीर्घिकेत आपण एकटे असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. त्यांच्या मते शुकशुकाट हे कोडे नाहीच. आपण माहीत नसलेल्या गोष्टी माहीत असल्यासारखे गुणाकार केले, म्हणून ते कोडे वाटले. मला हा निष्कर्ष निराशेचा वाटत नाही. उलट, एका उदाहरणावरून नियम काढता येत नाही, हे त्यांनी आकड्यांत सिद्ध केले.

खोट्या चाहुली

आता चौथी कसोटी. या शोधात ‘सापडले!’ असे वाटण्याचे प्रसंग अनेक आले. १९६७ मध्ये जोसेलिन बेल यांना दर १.३ सेकंदांनी येणारी नियमित स्पंदने मिळाली. गमतीने त्यांना ‘हिरवी माणसे’ असे नाव पडले. पण आकाशाच्या दुसऱ्याच कोपऱ्यात तसाच स्रोत सापडला आणि तो नव्या प्रकारचा तारा, पल्सार, असल्याचे कळले. १५ ऑगस्ट १९७७ रोजी ओहायोच्या दुर्बिणीने ७२ सेकंदांचा तीव्र संदेश नोंदवला. जेरी एहमन यांनी कागदावर त्याच्या शेजारी ‘वॉव!’ लिहिले. तो पुन्हा कधीही आला नाही, म्हणून त्याला पुरावा मानले गेले नाही. २०१५ मध्ये एका ताऱ्याचा प्रकाश २२ टक्क्यांपर्यंत मंदावल्याचे जाहीर झाले आणि अतिप्रगत बांधकामाची चर्चा झाली. निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त अडतो असे आढळले, तेव्हा ती धूळ ठरली. २०१९ मध्ये प्रॉक्सिमाच्या दिशेने आलेला बीएलसी-१ हा संदेश वर्षभराच्या तपासणीनंतर आपल्याच यंत्रांचा गोंगाट निघाला. उडत्या तबकड्यांच्या कथांबाबत नासाच्या स्वतंत्र समितीने २०२३ मध्ये स्पष्ट केले की, त्या परग्रहावरून आल्याचा पुरावा नाही.

आपल्याकडचे उदाहरण जयंत नारळीकर यांचे. जीवसृष्टीची बीजे अवकाशातून येत असावीत, या विचाराला त्यांची सहानुभूती होती. पण ते मतावर थांबले नाहीत. २००१ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या बलूनने ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने निर्जंतुक नळकांड्यांत गोळा केले. २००५ मध्ये पुन्हा बलून सोडला. पुणे आणि हैदराबादच्या प्रयोगशाळांनी ते नमुने वेगवेगळे तपासले. जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. त्यांतल्या एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचे, एकीला इस्रोचे आणि एकीला आर्यभटाचे नाव दिले गेले. त्या अवकाशातून आल्या असे जाहीर करण्याचा मोह सहज झाला असता. प्रत्यक्षात निवेदनात सांगितले गेले ते एवढेच की, यावरून त्यांचे मूळ पृथ्वीबाहेरचे असल्याचे सिद्ध होत नाही. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले. विज्ञानकथेत परग्रहवासीयांना मुक्तपणे आणणाऱ्या या माणसाने प्रयोगशाळेत मात्र सुतावरून स्वर्ग गाठला नाही, हा त्यांचा वारसा आपण जपायला हवा.

या सगळ्या प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. आशा खोटी ठरवली ती विरोधकांनी नाही, शोधणाऱ्यांनीच किंवा त्यांच्या क्षेत्रातल्या सहकाऱ्यांनी. आपल्याला सर्वात हवे असलेले उत्तर आपणच कठोरपणे तपासतो, हे माणसाने शिकलेले सर्वात अवघड तंत्र आहे.

बोलावे की ऐकावे?

१६ नोव्हेंबर १९७४ रोजी अरेसिबो दुर्बिणीवरून एम१३ या तारकागुच्छाकडे १,६७९ अंकांचा संदेश पाठवला गेला. तो पोचायला सुमारे २५ हजार वर्षे लागतील. स्टीफन हॉकिंग यांनी अशा हाका मारण्याविरुद्ध इशारा दिला होता. अज्ञात शेजाऱ्याला सगळ्या मानवजातीच्या वतीने हाक मारण्याचा अधिकार कोणा एका देशाला वा धनिकाला नाही, असे माझेही मत आहे. ऐकण्याला मात्र हरकत नाही, आणि ऐकण्यापुढेच आज खरा धोका आहे. इंटरनेट पुरवणाऱ्या उपग्रहांमधून नको त्या वारंवारतांवर रेडिओगळती होत असल्याचे युरोपच्या लोफार दुर्बिणीने २०२३ मध्ये दाखवले. जीएमआरटीही अशाच कमी वारंवारतांवर काम करते. डोंगरांच्या आडोशाला असलेली खोडदची शांत जागा त्यासाठीच निवडली होती. आकाशातून येणाऱ्या गोंगाटाला डोंगर अडवू शकत नाहीत. तिथे आंतरराष्ट्रीय नियमच लागतील.

निष्कर्ष असा. सूक्ष्मजीव पृथ्वीबाहेर आहेत का, याचे उत्तर मंगळाचे नमुने आणि बर्फाळ चंद्र यांच्याकडून आपल्या हयातीत मिळण्याची चांगली आशा आहे. बुद्धिमान जीवांबद्दल आज हो किंवा नाही म्हणायला आधार नाही. प्रगतीचे म्हणाल, तर माणूस ऊर्जेत आणि प्रवासात लहान आहे, श्रवणात तयार होत आहे आणि स्वतःची चूक शोधण्यात त्याने खरी उंची गाठली आहे. ही शेवटची सवय हवामान आणि अण्वस्त्रे यांच्या बाबतीतही लावली, तर तो टिकेल. आणि टिकला, तरच कधीतरी कोणाचा तरी आवाज त्याच्या कानी पडेल.

वाचकांना एवढेच सांगणे आहे. ‘परग्रहावर जीवन सापडले’ अशी बातमी पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. दुसऱ्या दुर्बिणीने किंवा दुसऱ्या गटाने ते पाहिले का? साधे नैसर्गिक कारण तपासून बाद केले का? आणि संशोधकांनी स्वतः नेमके काय म्हटले आहे? राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदच्या केंद्रात विद्यार्थी आणि गावकऱ्यांसाठी प्रदर्शन भरते. यंदा घरातल्या मुलांना घेऊन तिथे जरूर जा.